‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर, म्हणजे पुन्हा डबीच

स्पष्टवक्ता,

गरोदरपणात लक्षणं नसतानाही लघवीत आढळणाऱ्या जंतूंवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही चार गोष्टी म्हटल्यात. मी बायकांना घाबरवते, डच संशोधकांनी हा बागुलबुवा कधीच मोडीत काढलाय, माझा आकडा चुकलाय, आणि “मुतायच्या डबीवर दोन पानं खर्च करणाऱ्या बाईने संशोधनावर बोलू नये.”

आकडा चुकला होता, मान्य. संसर्ग धरण्याची मर्यादा ‘एक लाख कॉलनी (प्लेटवर वाढून दिसणारे जंतूंचे ठिपके) प्रति लिटर’ नव्हे, प्रति मिलिलिटर. दुरुस्त केलाय, आभार. तीन उद्गारचिन्हं नसती तरी समजलं असतं.

आता डबी. बारा वर्षं कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहायच्या, प्लेटा वाचून पोट भरतेय, त्यामुळे ‘मुतायची डबी’ हा शब्द मला झोंबला नाही. त्यामागची तुच्छता झोंबली. तो लाखाचा आकडा आला कुठून, माहितीये? १९५०च्या दशकात बोस्टनमध्ये एडवर्ड कास यांच्यापुढे प्रश्नच हा होता, की लघवीत दिसलेले जंतू मूत्राशयातले की बाहेरच्या त्वचेवरचे. लक्षणं नसलेल्या बाईच्या एका नमुन्यात लाख आले तर संसर्ग खरा असण्याची शक्यता सुमारे ८० टक्के, सलग दोन नमुन्यांत आले तर ९५. म्हणजे संशोधनाचा पायाच डबीत आहे, साहेब. (किंवा बाईसाहेब. टोपणनावावरून कळत नाही.)

ओपीडीत मावशी डबी हातात देतात, “जा, भरून आण.” एवढीच सूचना. खरं तर आधी हात धुवायचे, योनीचे ओठ बोटांनी बाजूला धरायचे, पुढून मागे स्वच्छ पाण्याच्या कापसाने पुसायचं, पहिली धार सोडून द्यायची, धार न तोडता मधली १०-२० मिली डबीत घ्यायची. हे आठव्या महिन्याचं पोट घेऊन, भारतीय संडासात उकिडवं बसून करायचं. कडी नीट लागत नाही, झाकण ठेवायला ओल्या फरशीशिवाय जागा नाही. मग रिपोर्ट येतो ‘मिक्स्ड ग्रोथ’, म्हणजे बाहेरचे नाना जंतू मिसळलेत, आणि बाईला पुन्हा तासभर रांगेत उभं राहावं लागतं. कुणी उत्साहाने जंतुनाशकाने पुसलं आणि ते डबीत उतरलं, तर उलटच होतं, खरे जंतूही प्लेटवर वाढत नाहीत.

पुढे वेळेचा घोळ. नमुना दोन तासांत प्लेटवर जायला हवा, नाहीतर ४ अंशाला फ्रिजमध्ये, तिथे २४ तास चालतो. ई. कोलाय हा लघवीत नेहमी सापडणारा जंतू अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. मुंबईच्या मे महिन्यात टेबलावर ठेवलेल्या डबीत निम्माच वेग धरा, ४० मिनिटांना दुप्पट. अकराला १५ हजार असतील तर एक वाजता एक लाख वीस हजार. आम्ही ०.००१ मिली लघवी उचलणारा लूप (तारेचं छोटं कडं) प्लेटवर ओढतो, प्लेटवर १०० कॉलनी म्हणजे लाख. प्लेटला कसं कळणार की वॉर्डबॉय मामा नमुने घेऊन निघायच्या आधी जेवायला गेले होते?

त्या बाईला सात दिवसांचं अँटिबायोटिक विनाकारण मिळतं. आणि तीच बाई एखाद्या अभ्यासात ‘संसर्ग आहे, उपचार नाही’ या गटात गेली, तर तिच्या किडनीपर्यंत काहीच चढत नाही, कारण मुळात काही नव्हतंच. अशा पाच-दहा बायका गटात मिसळल्या की निष्कर्ष निघतो, उपचार न केल्याने फारसं बिघडत नाही. डबी नीट भरा म्हणते ते यासाठी.

डच अभ्यासाबद्दल थोडक्यात. २०१५चा तो अभ्यास कमी जोखमीच्या, एकच बाळ असलेल्या गरोदर स्त्रियांवर होता. जंतू असून उपचार न झालेल्या २०८ जणींपैकी ५ जणींना किडनीचा संसर्ग झाला, म्हणजे २.४ टक्के. जंतू नसलेल्यांत ०.६. जोखीम एकूण कमी आहे, पण चौपट आहे. तुम्ही अर्धंच वाक्य उचललंत. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ची शिफारसही कल्चरचीच आहे, पण ते तुम्हाला पटणार नाही, सोडून देऊ.

घाबरवण्याच्या आरोपाला उत्तर देत नाही.

आणि पुढच्या वेळी वस्तूचं नाव नीट लिहा: निर्जंतुक, रुंद तोंडाची, आट्यांच्या झाकणाची डबी. नाव-नंबर डबीवर लिहायचा, झाकणावर नाही. झाकणं बदलतात.