पहिल्यांदा? नाही हो
साध्या नियमातून गुंतागुंत निघते हे स्टीफन वोल्फ्रामच्या ‘अ न्यू काइंड ऑफ सायन्स’ या २००२ च्या पुस्तकानं पहिल्यांदा दाखवलं असं त्या पुस्तकावरच्या लेखात म्हणलंय, ते अजिबात पटलं नाही. गणिती कॉनवेचा गेम ऑफ लाइफ, म्हणजे शेजारच्या चौकटी बघून प्रत्येक चौकट जिवंत की मेलेली ठरवायचा खेळ, १९७० चा, त्याच्याही आधी असल्याच चौकटींवर काम करणारे गणिती फॉन नॉयमन अन् उलाम होतेच, आणि वरच्या तीन चौकटी बघून खालची काळी की पांढरी ठरवायची, अशा नंबर दिलेल्या नियमांपैकी नियम ११० वर कुठलंही कॉम्प्युटेशन (गणन) करता येतं हे सिद्ध केलं मॅथ्यू कुकनं, वोल्फ्रामनं नव्हे. एवढं जाडजूड पुस्तक तोलताना कुणाचं काय ते आधी वेगळं काढा की.

पण पुस्तक टाकाऊ नाही हां. लातूरला माझ्याकडं शिकवणीला येणारी पोरं चौकटीच्या वहीत त्यातलाच नियम ३० रंगवायलेत, एक काळी चौकट, खाली तीन काळ्या, मग दोन काळ्या दोन पांढऱ्या एक काळी, अन् थोडं खाली गेलं की पुढं नक्षी कशी होणार ते रंगवल्याशिवाय कुणालाच सांगता येईना. त्यावरून अख्खं विश्व असंच चालतं हे पुस्तकातलं म्हणणं मात्र लई लांबची उडी, मोजून तपासता येईल असं भाकीत कुठंय त्यात?