जुनं होऊ शकेल असं घर

वाबी-साबीच्या, म्हणजे साध्या, अपूर्ण, काळाने जुन्या झालेल्या गोष्टींत सौंदर्य पाहणाऱ्या जपानी नजरेच्या नावाखाली सध्या घरं कशी सजवली जाताहेत याबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. मी इंटिरियरची कामं करते. अलीकडे पहिल्याच भेटीत लोक मोबाइलवर तेच फोटो दाखवतात: मातकट भिंती, ओबडधोबड लाकडी बाक, मोठ्या मडक्यात एकच सुकी फांदी. फोटो सुंदर असतात, त्याबद्दल वादच नाही. पण घर तसं दिसावं म्हणून पुढे काय होतं? प्लायवर लाकडाच्या छापाचं लॅमिनेट, पुट्टीवर ओरखडे काढून टेक्श्चर पेंट, आणि कारखान्यातूनच कड तुटकी करून आलेली फुलदाणी. मला हे अजिबात पटत नाही. जपानमध्ये ही नजर ज्या वस्तूंवर घडली त्या वापरून वापरून जुन्या झाल्या होत्या आणि कुणीतरी त्यांची निगा राखत होतं. आपण विकत घेतोय तो नुसता जुनेपणाचा देखावा.

क्योतो आणि ओसाकाच्या मधे यामाझाकी इथे म्योकी-आन नावाचं एक देऊळ आहे. तिथली ताई-आन ही चहाची खोली सेन नो रिक्यू या चहागुरूने (१५२२–१५९१) रचली असं मानतात. आज ती जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. पाहुण्यांची मूळ खोली दोन तातामी चटयांची, म्हणजे जेमतेम चाळीस चौरस फुटांची. आपल्या फ्लॅटमधली बाथरूम साधारण तेवढी असते! आत शिरायला एवढंसं दार, तेही वाकून, गुडघ्यांवर सरकत. भिंती मातीच्या, आणि त्या मातीत कालवलेला पेंढा वर स्पष्ट दिसतो. चित्राची गुंडाळी आणि फूल ठेवायच्या कोनाड्याचे आतले कोपरेसुद्धा मातीने लिंपून गोल केलेत, त्यामुळे कोनाडा कुठे संपतो ते नजरेला नीट कळत नाही. उजेड येतो तो कागदी खिडक्यांतून गाळून. खोली इतकी लहान असूनही कोंदट का वाटत नाही, त्याचं उत्तर या दोन गोष्टींत आहे. छतालगत लपवलेल्या कोव्ह लाइटच्या चार पट्ट्यांनी हे साधत नाही. माझ्या मते खोलीत एक कोपरा अंधारा राहिला तर राहू द्यावा.

हा रिक्यू ज्याच्या पदरी होता त्या तोयोतोमी हिदेयोशीने, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या सत्ताधीशाने, चहासाठी सोन्याची खोली बनवून घेतली होती. सुटी करून हलवता येणारी. १५८६ साली ती क्योतोच्या राजवाड्यात नेऊन त्याने सम्राटाला चहा दिला. म्हणजे मातीची खोली आणि सोन्याची खोली एकाच काळात, एकाच दरबाराच्या आसपास होत्या. पुढे १५९१ मध्ये याच हिदेयोशीच्या हुकमावरून रिक्यूला आपला जीव द्यावा लागला. साधेपणा ही तिथे गरिबांवर आलेली वेळ नव्हती; ज्यांना सोनं परवडत होतं त्यांच्यासमोर ठेवलेली ती निवड होती. क्योतोच्या दाईतोकुजी मंदिराच्या परिसरात, कोहो-आनमध्ये, जपलेला किझाएमोन नावाचा वाडगा बघा. तो कोरियात बनला, बहुधा रोजच्या वापराच्या भांड्यांपैकी एक म्हणून. झिलईला बारीक तडे, बुडाशी ती गोळा होऊन थिजलेली. तोही राष्ट्रीय ठेवा. घडवणाऱ्याने हे 'दोष' डिझाइन म्हणून काढलेले नव्हते. मुद्दाम टवका काढलेली फुलदाणी मला खटकते ती याचमुळे.

आता निगेचं. फोटोत ती दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी विचारतही नाही. तातामीचा वरचा थर काही वर्षांनी उलटून पुन्हा घालतात, तीही बाजू झिजली की नवा थर शिवतात. आतली गादी तीच राहते. शोजीच्या सरकत्या दारांचा कागद बदलायची वेळ म्हणजे वर्षअखेरची साफसफाई. मधेच कुठे छोटं भोक पडलं तर फुलाच्या आकाराचा कागद कापून तेवढ्यावर चिकटवतात. दुरुस्ती दिसते, आणि ती दिसलेली चालते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी रंगाची शेडकार्डं नंतर दाखवते. आधी विचारते, ही वस्तू दहा वर्षांनी कशी दिसेल? लॅमिनेटची कड सुटते, आणि एकदा सुटली की ते फक्त खराब दिसतं. सागवानावर ओरखडा आला तर घासून तेल देता येतं. लॅकर न लावलेलं पितळ काळवंडतं, हवं तेव्हा चिंचेने उजळतं. शहाबादी फरशी रोजच्या पायांनी गुळगुळीत होत जाते. चुन्याचा गिलावा भिंतीतली दमट हवा बाहेर जाऊ देतो, प्लॅस्टिक पेंटखाली मात्र ओल अडकून फुगे येतात. (गळणारी भिंत चुन्याने बरी होत नाही. गळती आधी काढा.) सगळं एकदम बदलायचीही गरज नाही. आजीचं लाकडी कपाट बाहेर काढून त्याच पैशांत 'रस्टिक' कपाट घेणं तेवढं थांबवा.

आणि किंत्सुगी, म्हणजे फुटलेलं भांडं जोडून सांधे सोनेरी रेषांनी दाखवायची जपानी पद्धत. ऑनलाइन किटमध्ये बहुतेक वेळा सोनेरी पूड मिसळलेला इपॉक्सी, म्हणजे रासायनिक गोंद असतो. खरं काम उरुशी या झाडाच्या चिकाने होतं. तो चीक दमट हवेत घट्ट होतो आणि काम पुरं व्हायला आठवडे, कधी महिने जातात. इपॉक्सीने कप जोडायला काहीच हरकत नाही, फक्त त्यातून चहा पिऊ नका. पण त्यासाठी चांगला कप मुद्दाम फोडणं मला सहन होत नाही.

सध्या एका घरात आतल्या दोन भिंतींना चुन्याचा गिलावा करायचा आहे. पुणे-सातारा भागात चुना नीट मुरवून काम करणारे गवंडी कुणाच्या ओळखीत असतील तर कृपया कळवा. घाई नाही, पावसाळा संपल्यावरच सुरू करणार आहे.