बीटाचा रस, मीठपाणी आणि ‘लो बीपी’चा रामबाण

‘बीपी लो झालंय? डॉक्टरकडे धावू नका!’ अशी सुरुवात असलेला मजकूर गेले कित्येक महिने फिरतोय. बीपी वाढवायला बीटाचा रस, मीठपाणी, मनुका, कॉफी, सैंधव घ्या, असं त्यात सांगितलंय. फोनमध्ये होता तोवर कानाडोळा करता येत होता. आता तो शहात्तर वर्षांच्या मावशीच्या फ्रिजवर, सुवाच्य अक्षरात उतरवून, चुंबकाखाली लागलाय आणि मिक्सरमध्ये बीट फिरतंय. तेव्हा बोलणं भाग आहे.

पहिला मुद्दा: ‘१२०/८०च्या खाली म्हणजे लो.’ चूक. साधारणपणे ९०/६०च्या खाली गेलं की कमी म्हणतात, आणि तरीही चक्कर, अंधारी, गळून जाणं यातलं काही नसेल तर बहुतेकदा काही करायचं नसतं. चणीने बारीक तरुण मुलीचं ९५/६० हे तिचं रोजचं बीपी असू शकतं. मशीनचीही गंमत असते. बारीक दंडावर मोठा पट्टा गुंडाळला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. हात हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर वर असला तर सात-आठने कमी.

दुसरा मुद्दा मात्र जिवावर बेतणारा आहे. ‘चक्कर येऊन पडलेल्याला लगेच उठवून बसवा आणि चमचाभर मीठ घातलेलं पाणी तोंडात सोडा.’ अहो, माणूस पडतो कारण मेंदूला रक्त कमी पडतं. आडवा झाला की ते पुन्हा पोचतं. म्हणजे आडवं होणं हाच उपचार, आणि तुम्ही त्याला बसवून तोच काढून घेताय. वर शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी! त्याला गिळता येत नाही, पाणी श्वासनलिकेत उतरतं. जागीच गुदमरेल, नाहीतर दोन दिवसांनी न्यूमोनिया. मग लोकांना ‘गुण’ का येतो? साध्या भोवळीत माणूस आडवा झाल्यावर मिनिटाभरात आपोआप डोळे उघडतो आणि श्रेय मीठपाण्याला जातं.

करायचं ते असं. उताणं झोपवा, पाय खुर्चीवर किंवा दोन लोडांवर उचलून ठेवा. कॉलर, पट्टा, परकराची नाडी सैल करा. भोवतीची गर्दी हटवा. उलटी येत असेल तर कुशीवर वळवा. बाई गरोदर असेल तर डाव्या कुशीवर. पूर्ण भानावर आल्यावरही दहा मिनिटं पडू द्या, मग बसवा, मग उभं करा. मिनिटाभरात जाग आली नाही तर १०८. श्वास थांबलेला किंवा मधूनच आचके दिल्यासारखा असेल तर १०८ला फोन लावून छाती दाबायला सुरुवात करा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा असेल तर आधी साखर तपासा. घाम, थरथर, घाबरं होणं साखर उतरल्यावरही होतं, आणि तिथे मीठ काय कामाचं?

आता बीट. इथे हसावं की रडावं कळत नाही. तर्क असा दिसतो: रस लाल, म्हणून रक्त वाढतं, म्हणून बीपी वाढतं. प्रत्यक्षात बीटात नायट्रेट भरपूर असतं. तोंडातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. म्हणजे बीपी उतरतं! लंडनमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटाचा रस पाजून पाहिला; अडीच-तीन तासांत वरचा आकडा सुमारे दहाने खाली आला. २००८ साली ‘हायपरटेन्शन’ या नियतकालिकात ते छापून आलंय. मावशीचं वरचं बीपी १०० असेल तर त्यातले दहा काढून घेणारं हे ‘टॉनिक’. कोशिंबिरीत चार फोडी खाव्यात, कोणी अडवत नाही. पेलाभर रस लो बीपीवर औषध म्हणून, नको.

मनुका? खा, गोड लागतात. कॉफी? बरं, हे थोडं खरं आहे. सवय नसलेल्याचं बीपी तासा-दोन तासांपुरतं चढतं. रोज चार कप पिणाऱ्याचं फारसं नाही. उभं राहिल्यावर बीपी पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्यापेक्षा साधं पाणी उपयोगी पडतं: अंथरुणातून उठण्याआधी दोन पेले, चार-पाच मिनिटांत संपवायचे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे पाण्यावर बंधन असलेल्यांनी हे करू नये.

‘सैंधवाने बीपी हवं तेवढंच वाढतं.’ सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. मीठ वाढवायला काही रुग्णांना डॉक्टर सांगतात, हे मान्य करावं लागेल. पण ते मोजून, आणि आडवं असताना बीपी चढत नाही ना, हे पाहून. सपाट चमचाभर मीठ पाच-सहा ग्रॅम भरतं. जागतिक आरोग्य संघटनेची अख्ख्या दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे. जुलाब-उलट्यांनी पाणी गेलं असेल तर ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, तीही पूर्ण. अर्धी पुडी अंदाजपंचे नाही.

शेवटचा मुद्दा: ‘बीपीची गोळी ताबडतोब बंद करा.’ मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, क्लोनिडिनसारख्या गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळतं, हृदयाच्या रुग्णाला छातीत कळ येऊ शकते. जुलाब लागले असताना लघवी वाढवणारी किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी थोडे दिवस थांबवावी लागते, पण ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून. आणि दोषी दरवेळी बीपीचीच गोळी नसते. प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन, झोपेसाठी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन, पार्किन्सनची लिव्होडोपा, आणि ‘घाबरं वाटतंय’ म्हणून शेजाऱ्याने जिभेखाली ठेवलेली सॉर्बिट्रेट (हृदयविकारातल्या छातीच्या कळेवरची गोळी), ही सगळी बीपी पाडतात.

तपासायचं असेल तर पाच मिनिटं आडवं पडून एकदा मोजा. उभं राहून पहिल्या मिनिटाला आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा, शेजारी कोणीतरी धरायला हवं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तर आजार उभं राहिल्यावर बीपी पडण्याचा आहे. तीनही आकडे आणि गोळ्यांच्या वेळा एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. तोवर पहाटे लघवीला उठताना पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, घोटे हलवायचे, मग उठायचं. रांगेत अंधारी आली तर पायाची कात्री करून मांड्या आवळायच्या. जमत नसेल तर लाज न बाळगता खाली बसायचं.

छातीत दुखणं, डांबरासारखी काळी शौच, गार पडलेले हातपाय यातलं काही असेल तर घरगुती काहीच नको, थेट दवाखाना. डेंग्यूत ताप उतरल्यावर तर डोळ्यांत तेल घालून बघावं: वरच्या-खालच्या आकड्यातलं अंतर २० किंवा त्याहून कमी होणं हे शॉकचं, म्हणजे अवयवांना रक्त पुरेसं न पोचण्याचं लक्षण. १००/८५ हा आकडा त्या मजकुराच्या हिशेबाने बीट-मनुकांचा आहे. डेंग्यूच्या रुग्णाला तो आला तर तासाभराचीही वाट पाहू नये.