माझ्या मापाची बंदूक

सुरुवात मटणावरून झाली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने एल्कच्या गोठवलेल्या मांसाचं पुडकं हातात ठेवलं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा धिप्पाड चुलतभाऊ. अमेरिकेतल्या आमच्या एकट्या कोलोरॅडो राज्यात अडीच लाखांहून जास्त आहेत. बायकोने कराडहून आलेला कांदा-लसूण मसाला घालून सुकं केलं आणि तिसरी भाकरी मोडताना मी बोलून गेलो, "पुढच्या वर्षी आपणच मारून आणू."

"तुम्ही? अहो, तुमच्याच्यानं झुरळ मरत नाही."

झालं. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

माझा बंदुकीचा अनुभव म्हणजे दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकार आजोबांच्या गप्पांपुरतीच उरली. इथे मी एच-वन-बी व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पिकवत बसलेला. अमेरिकेचा कायदा म्हणतो, असल्या माणसाने बंदूक बाळगू नये. मात्र शिकारीचा परवाना असेल तर हरकत नाही. म्हणजे या देशात कायमचं राहू द्यायचं की नाही ते सावकाश ठरेल, तोवर रायफल घ्या!

परवान्याआधी शिकारीचा अभ्यासक्रम. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो सक्तीचा आहे. मला वाटलं होतं, वर्गात मिशीवाले गडी असतील. होती दहा-बारा वर्षांची पोरं, आणि मी. शेजारच्या बाकावरच्या पोराच्या दातांना तारा होत्या. परीक्षेत त्याला माझ्यापेक्षा दोन गुण जास्त पडले. पाठ थोपटताना त्याच्या बापाने घाईघाईत माझीही थोपटली.

आता रायफल. इथे खरा छळ सुरू झाला, कारण कुठली घ्यावी हे ऑफिसात प्रत्येकाला ठाऊक होतं.

रायफल ओळखतात ती तिच्या काडतुसाच्या नावाने, आणि आधी ती नावंच समजेनात. ‘.३०-०६’ मी बिनदिक्कत ‘थर्टी झीरो सिक्स’ म्हणालो आणि जेवणाच्या टेबलावर सुतकी शांतता पसरली. ते ‘थर्टी-ऑट-सिक्स’ असतं, ‘ऑट’ म्हणजे शून्यच. तीस म्हणजे नळीचा व्यास, ०.३० इंच, आणि सहा म्हणजे १९०६ साल, कारण त्या साली अमेरिकी लष्कराने ते काडतूस घेतलं. ठीक. मग .३०-३० मधला दुसरा तीस म्हणजे १९३० साल का? नाही, ते बारुदाचं वजन, तीस ग्रेन. बरं, .२७० ची गोळी ०.२७० इंचांची असेल? तीही नाही, ०.२७७ ची. आमच्या गावात एकशेदहा किलोच्या माणसाला बारक्या म्हणतात, त्यातलाच प्रकार. फक्त गावात कोणी बारक्यावरून मैत्री तोडत नाही.

इथे तोडतात. आमच्या मॅनेजरचा .३०-०६ वर जीव, कारण त्याच्या आजोबांची ती होती. टेस्टिंगवाल्या बाई .२७० च्या, १९२५ पासून हरणं हिनेच पडतात, उगाच नव्या खुळांच्या नादी लागू नकोस, म्हणाल्या. नवं खूळ म्हणजे २००७ सालचं ६.५ क्रीडमूर, ते आमच्या सगळ्यांत तरुण पोराकडे होतं. या काडतुसाच्या नावाने म्हाताऱ्या शिकाऱ्यांचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं होतं. कायद्याला विचारलं तर एल्कसाठी किमान ०.२४ इंची गोळी पुरे, असं त्याचं म्हणणं. पण कायद्याला कोण विचारतो? महिनाभराने लक्षात आलं, की यांतलं कुणीच मला रायफल सुचवत नव्हतं. प्रत्येकजण आपली पहिली शिकार पुन्हा एकदा सांगत होता.

मांस देणाऱ्या सहकाऱ्याकडे .३०० विनचेस्टर मॅग्नम होती, या सगळ्यांहून दांडगी. "एकदा झाडून बघ, मग दुसरी मागणार नाहीस," म्हणाला. हे मात्र खरं निघालं. नेमबाजीच्या रेंजवर मी रायफलीवरच्या दुर्बिणीला, किल्लीच्या भोकाला लावावा तसा डोळा लावला. डोळा तीन-चार इंच मागे ठेवायचा असतो, हे त्याने सांगितलं होतं. पण कानांवर आवाज रोखणारी ती जाडजूड झाकणं चढवल्यावर सांगितलं होतं. मी चाप ओढला. गोळी कुठे गेली ते देव जाणे, रायफल मात्र धक्क्याने मागे उसळली आणि दुर्बिणीची कड थेट माझ्या भुवईवर आली. घरी बायकोने दार उघडलं, रक्ताळलेला अर्धगोल निरखून पाहिला आणि म्हणाली, "चंद्रकोर छान उमटलीये. नथ कुठाय?"

त्यानंतर दोनदा रेंजवर गेलो आणि दोन्ही वेळा चाप ओढण्याआधीच डोळे मिटले.

शेवटी दुकानात गेलो. काउंटरमागे पांढऱ्या दाढीचे आजोबा होते. माझी भुवई पाहून त्यांनी काही विचारलं नाही. बहुधा रोजचंच असावं. एक रायफल हातात देऊन म्हणाले, दस्ता कोपराच्या खोबणीत टेकव आणि बोट चापावर ने. बोट इंचभर अलीकडेच थांबलं. दुसरी दिली, तेच. पाच फूट चार इंचांच्या माणसाचे हात असून असून किती लांब असणार! त्यात मी काडतुसांच्या आकड्यांची यादी वाचून दाखवायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "एल्कला आकडे वाचता येत नाहीत. गोळी फुप्फुसात बसली पाहिजे, आणि धक्क्याला भिणाऱ्याची ती बसत नाही."

मग त्यांनी कोपऱ्यातली एक आखूड, हलकी रायफल काढली. सेव्हन एमएम-ओ-एट: धक्का बेताचा, जवळून मारलं तर एल्कलाही पुरेशी. खांद्याला लावली आणि बोट चापावर, डोळा दुर्बिणीमागे, सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. तिची पाटी मी मग वाचली. लहान मुलांसाठी. खोक्यात दस्त्याला जोडायच्या दोन चकत्याही होत्या, मूल उंच झालं की लावायला.

"त्या ठेवून घ्या," मी म्हणालो.

कोलोरॅडोत पैसे भरल्यावरही बंदुकीसाठी तीन दिवस थांबावं लागतं. चौथ्या दिवशी घ्यायला गेलो तर काउंटरवर तो तारावाला पोरगा, बापासोबत. त्यांच्यासमोर तस्संच खोकं. पोराने माझ्या खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुढच्या वर्षी मी उंच झालो की बाबा मोठी घेऊन देणार आहेत," तो म्हणाला. "तुम्हाला?"