बिलाच्या रांगेतली चार मिनिटं

गेल्या वर्षी एका शनिवारी रात्री सामानाच्या पिशव्या ओट्यावर रिकाम्या करत होते. धान्य, भाज्या, दूध, साबण सगळं जागच्या जागी गेलं आणि मग ओट्यावर जे उरलं ते बघून हात थांबले. चिप्सची दोन मोठी पाकिटं, क्रीमची बिस्किटं, चॉकलेटच्या चार वड्या, गोड पेयाची मोठी बाटली आणि आणखी एक नवीनच कुरकुरीत काहीतरी. यातलं एकही यादीत नव्हतं. बाबा शेजारी खुर्चीवर बसले होते. त्यांच्या रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. डॉक्टरांसमोर बसून काय खायचं, काय नाही, हे सगळं वहीत उतरवून घेणारी मीच होते. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी बिस्किटांचा पुडा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला.

ते न बोलणं मला फार लागलं.

झोपायच्या आधी ड्रॉवरमधून तीन महिन्यांची बिलं काढली. बारा होती. पेन्सिल घेऊन बसले आणि जे ठरवून आणलं नव्हतं त्या प्रत्येक ओळीखाली रेघ मारली. रेघेवाचून एकही बिल सुटलं नाही. पण रेघा सगळीकडे सारख्या नव्हत्या. बिलावर वेळ छापलेली असते ना, ती बघितली. सुट्टीच्या सकाळी, नाश्ता करून गेले होते त्या बिलांवर एखाददुसरी रेघ. कामावरून परस्पर, सात-साडेसातला दुकानात शिरले होते त्या बिलांवर सात, आठ, नऊ. बाई तीच, दुकान तेच. फरक फक्त वेळेचा.

हे एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "मनावर ताबा पाहिजे गं, बाकी काही नाही." तिने आपुलकीनेच सांगितलं. पण मला आज या वाक्याबद्दलच लिहायचं आहे, कारण ते वाक्य चुकीचं आहे असं माझं ठाम मत झालंय. आणि ते ऐकून ऐकून कितीतरी जण स्वतःला कमकुवत समजत जगतात.

ताबा कमी पडतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मी शोधून वाचायला लागले. १९९८ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. ताज्या भाजलेल्या कुकीज समोर ठेवायच्या आणि काही जणांना त्या न खाता फक्त मुळे खायला सांगायचे. नंतर सगळ्यांना एक न सुटणारं कोडं दिलं, तर मुळेवाल्यांनी ते लवकर सोडून दिलं. त्यावरून निष्कर्ष निघाला की संयम वापरला की तो संपत जातो, स्नायू थकतो तसा. पटायला किती सोपं! मलाही लगेच पटलं. पण २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून जास्त लोकांवर ही कल्पना तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. भुकेल्या पोटी खरेदी केली तर लोक जास्त उष्मांकाच्या वस्तू उचलतात, असं सांगणारा २०१३ चा एक गाजलेला शोधनिबंध आहे. तोसुद्धा २०१८ मध्ये नियतकालिकाने मागे घेतला, कारण त्याची मूळ माहिती तपासून खात्री देता येत नव्हती. इंटरनेटवरच्या 'खरेदीच्या दहा टिप्स' मध्ये तो अजून फिरतो आहे. म्हणून मी कुणाला 'शास्त्र सांगतं, उपाशी जाऊ नका' असं म्हणणार नाही. माझ्या बारा बिलांनी मला जे सांगितलं तेवढंच सांगते: मी पोटात कावळे ओरडत असताना जात नाही.

जे संशोधन मला खरोखर उपयोगी पडलं ते वेगळंच आहे. २०१२ साली जर्मनीत दोनशे पाच माणसांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारण्यात आलं: आत्ता कशाचा मोह होतोय का? तो आवरताय का? ज्यांचा स्वतःवर ताबा चांगला समजला जातो, अशी माणसं दिवसभर मोहाशी झुंजत असतील असं आपल्याला वाटतं. दिसलं ते उलट. त्यांना मुळात असे झगडेच कमी करावे लागत होते. बहुधा ती माणसं आपला दिवस अशा रीतीने लावून घेतात, की मोहाच्या तोंडाशी उभं राहायची वेळच कमी येते. हे वाचून मला हलकं वाटलं. रॅकसमोर उभं राहून स्वतःशी भांडत जिंकणं हा संयम असेल, तर तो मला वर्षानुवर्षं जमलेला नाही. आणि ज्यांचा जम बसलेला दिसतो तेही बहुतेक तसं करत नाहीत.

आता दुकानाकडे बघा. एके काळी ग्राहक गल्ल्यापुढे उभा राहायचा, यादी वाचायचा आणि नोकर आतून सामान काढून द्यायचा. माल त्याच्या हाताच्या टप्प्यात नसायचाच. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसाने 'पिगली विगली' हे दुकान उघडलं आणि ग्राहकाला आत सोडलं, स्वतःच्या हाताने घ्या म्हणून. पण वाट अशी आखली की आत शिरल्यावर सगळ्या मालासमोरून फिरूनच बाहेर पडता यावं. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या लक्षात आलं की हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात. त्याने टोपल्यांना चाकं लावली. तीच आपली ट्रॉली.

टोपली जड होणं हा एक इशारा होता. बास झालं, असं हात सांगायचा. चाकांनी तो इशारा काढून घेतला. मी आता आठवड्याच्या मधल्या खरेदीला ट्रॉली घेतच नाही, टोपली घेते. हात भरून आला की काउंटरकडे वळते. माझ्या सगळ्या उपायांमध्ये हा सर्वांत साधा, आणि याचाच मला सर्वांत जास्त उपयोग झाला.

आणि मग ती चार मिनिटं. सगळी खरेदी झालेली, पाय दुखताहेत, रांग हलत नाही, मागेपुढे माणसं. डाव्या हाताला चॉकलेटं, उजव्या हाताला गोळ्या आणि चिप्स, बरोबर माझ्या कमरेच्या आणि माझ्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर. ती आठ वर्षांची आहे. त्या उंचीवर काय ठेवायचं हे कुणीतरी विचार करूनच ठरवलेलं असतं. तिथे ती हात पुढे करते आणि माझ्याकडे बघते. त्या वेळी 'नाही' म्हणायला लागणारी ताकद मला दिवसाच्या शेवटी उरलेल्यातून काढावी लागते, तीही चार अनोळखी माणसांसमोर. लेकीला हट्टी म्हणायला मी तयार नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर रंगीत चॉकलेट ठेवायचं आणि त्याने मागितलं की त्याला वळण नाही म्हणायचं, हा अन्याय आहे.

पदार्थांचंही तेच. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल या संशोधकाने वीस जणांना महिनाभर संस्थेतच ठेवून एक प्रयोग केला. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात तयार झालेलं पाकिटातलं अन्न, दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं. दोन्ही ताटांत दिलेले उष्मांक, साखर, मीठ, चरबी, तंतू (फायबर) जुळवलेले, आणि हवं तितकं खायची मुभा. अतिप्रक्रियेच्या अन्नावर असताना तीच माणसं दिवसाला सरासरी पाचशे उष्मांक जास्त खात होती. दोन आठवड्यांत साधारण एक किलो वजन वाढलं, साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. वीस माणसांचा प्रयोग लहान आहे हे मान्य. पण 'पाकीट उघडलं की संपेपर्यंत हात थांबत नाही' हा अनुभव ज्याला आहे, त्याने स्वतःला खादाड म्हणण्याआधी हे वाचावं असं मला फार वाटतं.

म्हणून मी लढाईची जागा बदलली. पाकीट घरात आलं की ते माझ्याकडून, बाबांकडून, कुणाकडून तरी संपणारच. ट्रॉलीत पडलं की घरात येणारच. तेव्हा अडवायचं तर त्याच्याही आधी.

यादी आता शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर लिहिते, भरल्या पोटी, घरातल्या सगळ्यांसमोर. खाऊसुद्धा त्याच यादीत असतो. हे महत्त्वाचं आहे. पहिल्या महिन्यात मी सगळं बंद करून पाहिलं होतं. तिसऱ्या आठवड्यात मुलीच्या दप्तरात कागदात गुंडाळलेलं चॉकलेट सापडलं. माझ्या घरात मूल खाणं लपवतंय हे बघून मला रडू आलं. त्या दिवसापासून आठवड्याला एक वस्तू, तिच्या आवडीची, नाव लिहून, आकार लिहून. लहान पाकीट म्हणजे लहानच. मोठं पाकीट वजनाच्या मानाने स्वस्त पडतं म्हणून घेणं मी सोडलं, कारण नको असलेला निम्मा भाग स्वस्तात मिळून माझा काही फायदा नाही. यादीत नसलेलं काही दुकानात खरंच हवंसं वाटलं, तर तिथेच पुढच्या आठवड्याच्या यादीत लिहायचं. बहुतेक वेळा शुक्रवारी ती ओळ वाचून मुलगी स्वतःच म्हणते, नको, दुसरं काहीतरी घेऊ.

पाकिटाची मागची बाजू वाचायला बाबा शिकले आणि त्यांनी मला शिकवलं. पुढच्या बाजूचं 'मल्टिग्रेन', 'नैसर्गिक', 'व्हिटॅमिनयुक्त' हे सगळं विसरायचं. मागची घटकांची यादी साधारणपणे वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिली तीन नावं वाचायची. साखर एकाच नावाने येत नाही: ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट शुगर ही सगळी तिचीच भावंडं. मग 'प्रति सर्व्हिंग', म्हणजे एका वेळी खायच्या भागात किती, ते बघायचं आणि पाकिटात किती सर्व्हिंग आहेत ते बघायचं. तिथे मी अनेकदा फसले आहे, एका माणसाने एका बैठकीत संपवायचं पाकीट कागदावर अडीच माणसांचं असतं. सोपं पडावं म्हणून आम्ही शंभर ग्रॅमचा रकाना वाचतो. चार ग्रॅम साखर म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर आणि मध, फळांचे रस यांतली साखर मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. प्रौढ माणसासाठी हे पाच टक्के म्हणजे अंदाजे पंचवीस ग्रॅम, सहा चमचे. गोड पेयाच्या बाटलीवरचा आकडा बाबांनी चारने भागला, उत्तर दोनदा तपासलं आणि बाटली रॅकवर परत ठेवली. त्या दिवशी मला काहीच बोलावं लागलं नाही.

एक गोष्ट मध्येच सांगते. दुसऱ्याच्या ट्रॉलीकडे बघून मत बनवणं मी पूर्ण सोडलं आहे. रात्रपाळी करून आलेल्या, घरी गॅस पेटवायचंही त्राण नसलेल्या माणसाला तयार पाकीट म्हणजे जेवण असतं. माझ्याकडे शुक्रवारी रात्री निवांत यादी लिहायला वेळ आहे, घरात स्वयंपाकाला दुसरा हात आहे. हे सगळ्यांकडे नसतं. त्यांना 'ताबा ठेवा' सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं.

म्हणूनच हा विषय घराघरांवर सोडून भागणार नाही. आणि दुकानं बदलू शकतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने २०२० मध्ये कायदा केला की मोठ्या दुकानांत बिलाच्या रांगेजवळ जास्त साखरेचे आणि जास्त मिठाचे पदार्थ ठेवायचे नाहीत. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांना असे पदार्थ प्रवेशद्वाराशी, रॅकच्या टोकाला आणि काउंटरपाशी मांडायला मनाई आहे. चिलीने २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबीच्या पाकिटांवर दर्शनी बाजूलाच काळे अष्टकोनी शिक्के छापायला लावले. दुकानांतली विक्री कुठेच बंद झाली नाही. ज्याला हवं तो आत चालत जाऊन घेतोच. फक्त थकलेल्या माणसाच्या हाताशी ते आणून ठेवायचं नाही, एवढंच.

मागच्या महिन्यात मी आमच्या नेहमीच्या दुकानातल्या व्यवस्थापकांना भेटले. म्हटलं, दादा, आठ काउंटर आहेत, त्यातलं एक तरी चॉकलेटांशिवाय ठेवा. लहान मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी आणि माझ्या वडिलांसारख्यांसाठी. तिथे पाणी ठेवा, फळं ठेवा, बॅटरी ठेवा, काहीही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, ती जागा कंपन्यांना दिलेली असते, वरती विचारावं लागेल. मग थोडं थांबून म्हणाले, माझाही मुलगा इथे आला की तिथेच अडतो.

अजून वरून काही कळलेलं नाही. या शनिवारी पुन्हा विचारणार आहे, आणि या वेळी बाबाही येणार आहेत. तुमच्या दुकानात कुणी असं काउंटर ठेवलं असेल तर खाली नक्की लिहा, मला ते व्यवस्थापकांना दाखवायचं आहे.