नाथसागरकाठच्या आमच्या घरांबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याला उत्तर

नमस्कार सर,

मे महिन्यात तुम्ही घरच्यांसोबत दोन रात्री पैठणजवळच्या आमच्या घरात राहिलात आणि एक स्टार दिलात. कुकर चालत नव्हता, फोटोत दारात दिसणारं पाणी लांब होतं आणि आमच्या माणसाने गाडी पाण्यापर्यंत नेऊ दिली नाही, असं तुमचं म्हणणं.

कुकरचं आधी. ती चूक सगळी आमची. तुम्ही गेल्यावर मी स्वतः त्यात डाळ लावून पाहिली. रिंग वाळून कडक झाली होती, एका जागी चीर होती, वाफ कडेनं निघून जायची. शिट्टी होणार कुठून? जिथं पाहुण्यांनीच रांधायचं, तिथं भांडी धड ठेवणं हे मालकाचं पहिलं काम. रात्री साडेनऊला लेकरं भुकेली आणि भात कच्चा, हे वाचून आम्हाला फार लागलं. चारही घरांत नव्या रिंगा बसवल्यात, एकेक जादाची ओट्याखालच्या डब्यात ठेवलीय.

फोटो ऑक्टोबरातला आहे. धरण भरलं की पाणी कुंपणापाशी येतं. मेपर्यंत ते संभाजीनगर-जालन्याच्या नळांना आणि कालव्यांनी शेतांना गेलेलं असतं, उरलेलं उन्हानं आटतं. आम्हाला हे दरवर्षीचं, पण बाहेरून येणाऱ्याला कसं कळावं? बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं. आता भेगाळलेल्या गाळाचा मेमधला फोटोही शेजारी टाकलाय.

गाडीबद्दल मात्र माफी मागणार नाही. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, आणि जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. पाणी ओसरून उघडी पडणारी ती जमीन आमची नाही. आणि त्या वाटेवर टिटवीची अंडी होती. टिटवी काड्यांचं घरटं बांधत नाही. उघड्यावर, खड्यांमध्येच चार मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी घालते. दोन पावलांवरूनही ती दगडच वाटतात, गाडीतून काय दिसणार! तुमच्या डोक्यावर एक पक्षी सारखा ओरडत घिरट्या घालत होता ना, तीच ती. शिवाय तो गाळ वरून वाळलेला, पापुद्र्याखाली ओला. अशा जागी रुतलेली एक गाडी आम्ही ट्रॅक्टर लावून काढलीय.

तुमची गाडी अडवणारा आमचा माणूस म्हणजे मामा. त्यांचा आवाज चढला होता, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. लेकरांसमोर तसं बोलायला नको होतं. त्याबद्दल ते आणि मी, दोघंही दिलगीर आहोत. पायी जायला कधीच मनाई नाही. सकाळी सहाला मामाच पाहुण्यांना घेऊन जातात. ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही, हेही आमचंच चुकलं.

पहिल्या रात्रीचं भाडं आज परत पाठवलंय, ज्या खात्यातून आलं त्याच खात्यावर. दोन दिवसांत दिसलं नाही तर बुकिंगच्या नंबरवर कळवा.