‘स्टेंट घातला की लकवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘अँजिओप्लास्टी केली की अंगावरून वारं जातंच. त्यापेक्षा बायपास करा, त्यात तो धोका नाही. स्टेंट घातलाच असेल तर रक्त पातळ करायच्या गोळ्या सोडा. लकवा मारला तर आधी झाडपाल्याचं औषध घ्या.’

‘जातंच’ हे साफ खोटं. धोका आहे, पण थोडा. अँजिओप्लास्टी म्हणजे नळी सरकवून हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडणं आणि तिथे स्टेंट म्हणजे बारीक जाळी बसवणं; बायपास म्हणजे ऑपरेशन करून रक्ताला ब्लॉकेज टाळून वेगळी वाट देणं. मनगटातून किंवा जांघेतून सरकवलेली नळी महाधमनीतून, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीतून, जाताना तिथला कण किंवा गुठळी सुटून मेंदूत अडकू शकते. दोन्ही उपचारांची तुलना करणाऱ्या 11 चाचण्यांतल्या 11,518 रुग्णांची माहिती 2018 मध्ये एकत्र मांडली गेली. अँजिओप्लास्टीनंतर 30 दिवसांत पक्षाघात झालेले हजारी 4 होते आणि बायपासनंतर हजारी 11. वय, बीपी, शुगर, आधीचा लकवा यांनी हा धोका वाढतो.

म्हणजे बायपासबद्दलचं वाक्य तर उलटंच आहे. म्हणून बायपास वाईट असंही नाही. शुगर असून हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज असतील तर बहुतेकदा तीच जास्त फायद्याची ठरते.

सगळ्यात घातक सल्ला गोळ्यांचा. ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं, दात काढायचा आहे, पट्टी संपली, एवढ्यावरून आपल्याकडे क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करायची गोळी थांबवतात. स्टेंटची जाळी आतून झाकली जायला महिने लागतात. तोवर तिच्यात गुठळी धरली तर हार्ट अटॅक येतो, माणूस जाऊही शकतो. सहसा रक्त पातळ करायच्या दोन प्रकारच्या गोळ्या 6 ते 12 महिने आणि त्यातली एक पुढेही चालू राहते. या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित मेंदूतही, हे खरं आहे. म्हणूनच बीपी ताब्यात ठेवा आणि गोळी थांबवायची की नाही ते स्टेंट घालणाऱ्या डॉक्टरांना विचारा. दात काढणाऱ्यांनाही स्टेंटचं आधीच सांगा.

झाडपाल्याच्या नादात वेळ जातो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅन बघून. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, की लगेच 108 ला फोन करा. तोंडात पाणी घालू नका, घरातली ॲस्पिरिनही देऊ नका, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा, आणि स्टेंटचं डिस्चार्ज कार्ड व चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या.